सोनबांच्या नावाच्या सतरा चिठ्ठ्या

रविवार, १२ जानेवारी २०२५

सतरा चिठ्ठ्यांवर एकच नाव, आणि त्या नावाचा माणूस मंडळीत नाही!

उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत दार लावून बसलो – पाळकसाहेब, अमोलिक आणि मी. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, पाच वडिलांनी – निवडून दिलेल्या कारभाऱ्यांनी – चालवायची. त्यातले आढावकाका मुलाकडे नाशिकला कायमचे गेले, म्हणून एक जागा रिकामी. पद्धत जुनीच – प्रत्येक सभासदाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं आणि खाली एका ओळीत कारण. कारण नसेल तर चिठ्ठी बाद. खाली सही नाही. आम्ही तिघांनी वाचायच्या आणि जाळून टाकायच्या.

बावन्न चिठ्ठ्या. एकवीस इंद्रजीत लोंढेला. 'हुशार आहे', 'इंग्रजी चांगलं', 'स्क्रीन बसवून देणार आहे'. चौदा इकडेतिकडे. एकाने येशू ख्रिस्त लिहिलंय. अमोलिक गंभीरपणे म्हणाले, "सभासद यादीत नाहीत. बाद." चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस!

आणि सतरा – सोनबा. नुसतं सोनबा. आडनाव नाही. कारणं सगळी एकाच जातीची. 'मी आजारी असताना आले.' 'बसून राहिले.' 'घाई नव्हती त्यांना.' एकावर फक्त 'चहा'.

"कोण हे सोनबा?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांना इथे येऊन दोनच वर्षं झाली. पण मला छत्तीस वर्षं झाली, आणि मलाही माहीत नाही.

अमोलिक काडेपेटी शोधत होते तेवढ्यात त्या सतरा चिठ्ठ्या मी पर्समध्ये टाकल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

शेजारच्या भाग्यश्रीने तिळगूळ दिला. खात खातच चिठ्ठ्या पसरून बसले. सही नसली म्हणून काय झालं! अर्ध्या मंडळीला मी शाळेत शुद्धलेखन घातलंय. अकरा अक्षरं तिथल्या तिथे ओळखली. 'चहा'वालं अक्षर वेणूबाईचं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. मार्केट यार्डाच्या मागे दोन खोल्या, दारात पुदिन्याच्या जुड्या. गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तिचं.

"सोनबा? अहो बाई, तुम्हीच पाठवलं होतं ना त्यांना?"

मी? मी कशाला पाठवीन!

म्हातारा माणूस. तपकिरी स्वेटर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात स्टीलचा फ्लास्क. 'मंडळीतला हाय मी. वाईच बसतो,' म्हणाले. गुळाचा चहा, दोन कप. एकाला कान नव्हता, तो स्वतः घेतला. प्रार्थना केली का, विचारलं. "नाही हो. तीन तास नुसते बसले. पण बाई, ते गेल्यावर मला भीतीच वाटेना."

घरी येताना मला एकदम राग आला. कसला ते आता लिहिते, इथे कोण वाचणार आहे. एप्रिल २०२१मध्ये माझे यजमान प्रभाकर आत कोविडच्या वॉर्डात होते आणि मी अकरा दिवस बाहेर फाटकाजवळ गुलमोहराखाली उभी होते. आत कुणालाच सोडत नव्हते, ते ठीक. पण फाटकाशी तरी? एकही वडील आला नाही. पाचातला एकही! प्रभाकर सकाळी आठला गेले, एकटे. म्हणून तर या समितीवर मी हट्टाने बसले – वडील निवडताना ही माणसं काय बघतात, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि वेणूबाईकडे हे सोनबा तीन तास बसतात!

गुरुवार, १६ जानेवारी

आणखी पाच घरं झाली – नम्रता, शंभू पाटोळे आणि आणखी तिघं. तोच स्वेटर, तोच बिनकानाचा कप. प्रत्येकाला वाटलं, चर्चने पाठवलं. पाळकसाहेबांना विचारलं – "मला वाटत होतं, आजाऱ्यांकडे वडील जातात." अमोलिकांना विचारलं, ते स्वतः नऊ वर्षं वडील आहेत – "ते पाळकांचं काम. आम्ही कशाला मध्ये?"

म्हणजे कुणीच जात नव्हतं, आणि प्रत्येकजण समजत होता की दुसरा जातोय. दर रविवारी आजाऱ्यांची यादी वेदीवरून वाचली जाते. ती यादी मीच करते, सुवाच्य अक्षरात. वाचून झाली की सगळे आमेन म्हणतात आणि जेवायला घरी जातात. मीसुद्धा.

रविवार, १९ जानेवारी

पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "बंधू सोनबा आज उपासनेत असतील तर कृपया उभे राहावे."

माना वळल्या. पण सगळ्या एकीकडे नाही! वेणूबाईने खांबाकडे पाहिलं. नम्रताने घंटेच्या दोराकडे. कुणी मागच्या बाकाकडे, कुणी दाराशी चपला काढतात तिकडे. जो तो आपापल्या जागी बघत होता, ओळखीचं हसून.

उभं कुणीच राहिलं नाही. तिथे कुणी नव्हतंच. निदान मला तरी कुणी दिसलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

इंद्रजीतकडे घरभेट. वडील होणारा माणूस घरात कसा आहे ते आधी बघायचं, अशी आमची रीत आहे. त्याला बाहेर पाठवायचं आणि घरच्यांना विचारायचं. पूर्वी यात पुष्कळ जण गळायचे!

कात्रजला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. इंद्रजीतने लॅपटॉपवर बारा स्लाइड दाखवल्या – मंडळीचं ॲप, ऑनलाइन उपासना, प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी वेगळा ग्रुप. वाईट काही नाही त्यात. मुलगा सरळ आहे. मग त्याला गॅलरीत घालवलं आणि अमोलिकांनी तनुजाला, त्याच्या बायकोला, ठरलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "चांगलेच आहेत. असले की चांगले असतात." अमोलिकांनी त्यातलं दुसरं वाक्य लिहून घेतलं नाही. मी घेतलं.

आतल्या खोलीत त्याचे वडील, लोंढेआजोबा. एक्याऐंशी वर्षं, खणखणीत, टीव्हीवर कुस्ती बघत होते. मला म्हणाले, "तुमचा माणूस सकाळी येऊन गेला की. छान बसला. चहा झकास."

तनुजा हसली. "बाबा, कुणी नाही आलेलं. गेटवर नोंद झाल्याशिवाय लिफ्टपर्यंत येताच येत नाही ताई."

पण आजोबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर कपाचे दोन ओले गोल होते. मी बोट लावून पाहिलं. चिकट. गुळाचं.

शुक्रवार, २४ जानेवारी

लोंढेआजोबांना पहाटे अर्धांगाचा झटका. आयसीयूत आहेत.

परवा ठणठणीत होते!

शनिवार, २५ जानेवारी

जेवण गेलं नाही. सगळी घरं पुन्हा फोनवरून केली. आता एकच प्रश्न – सोनबा आले तो दिवस कुठला?

कुणी विसरलेलं नाही. वेणूबाई – "मंगळवार. गुरुवारी पोटात दुखायला लागलं." नम्रता – शनिवारी आले, सोमवारी स्कूटरवरून पडली. शंभू पाटोळे – रविवारी आले, मंगळवारी छातीत कळ. मी म्हटलं, "अरे, मग ते आले तेव्हा तू आजारी कुठे होतास?" मग म्हणाला, "हो की मॅडम. मी तर तेव्हा गाडी धूत होतो."

आठवणीत सगळ्यांनी उलटं करून ठेवलंय. आजारपण आधी, सोनबा नंतर. माझ्या जुन्या याद्यांवर तारखा आहेत. लावून पाहिल्या. सगळ्यांकडे दोन दिवस आधी. एकही अपवाद नाही.

आणि दुसरी गोष्ट सुचली, ती लिहू नये असं वाटतंय. चिठ्ठ्या लिहिणारे सतराच्या सतरा बरे झालेले. जे बरे झाले नाहीत, ते चिठ्ठी कुठून लिहिणार?

प्रभाकरांकडे कुणी गेलं असेल का? त्यांना दवाखान्यात न्यायच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं घरीच होतो. दुपारी मी औषधं आणायला बाहेर गेले होते, तासभर. परत आले तेव्हा ते म्हणाले होते, "तोंडाला चव नाही, पण चहा बरा होता." मी म्हटलं, तापात बरळतायत. मी चहा केलाच नव्हता!

चार वर्षं हे वाक्य मला आठवलं नव्हतं.

मंगळवार, २८ जानेवारी

चर्चच्या कपाटातून जुन्या सभासद नोंदवह्या काढल्या. अमोलिक बरोबर होते. किल्ली त्यांच्याकडे असते आणि ते ती दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. कापडात बांधलेली तिसरी वही. पान एकशे चार.

सोनबा लक्ष्मण भालेराव. वय बावन्न. हमाली. नावावर लाल शाईची रेघ. शेऱ्यात – 'वारंवार ताकीद देऊनही रविवारच्या उपासनेस गैरहजर. विचारले असता आजाऱ्यांकडे बसतो असे उत्तर दिले. वडीलमंडळाच्या ठरावाने नाव कमी केले. ऑगस्ट १९६१.' खाली पाच सह्या. झकास वळणदार.

अमोलिकांनी बोटांवर हिशोब केला. एकशे सोळा वर्षं. "दुसरा कुणीतरी असेल," म्हणाले. मी म्हटलं, असेल. दोघांनीही वही मिटायला हात पुढे केला नाही.

मग एवढा नियमाचा माणूस, पण हळूच म्हणाला, "निशाताई, माझी मिसेस गेली तेव्हा... माझ्याकडे आला होता एक माणूस. मी त्याला विचारलं, पत्र आहे का चर्चचं? नाही म्हणाला. मी दारातूनच परत पाठवला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवार, २ फेब्रुवारी

इंद्रजीतने नाव मागे घेतलं. उपासनेनंतर बाकावर बसून रडला. आजोबा वाचले, पण उजवा हात गेला. "ताई, बाबांजवळ सलग एक तास मी शेवटचा कधी बसलो, मला आठवत नाही. आणि मी मंडळीचं ॲप करत होतो."

आजोबा हॉस्पिटलात सगळ्यांकडे गुळाचा चहा मागतात. तनुजाने करून नेला. तो नव्हे, म्हणाले.

रविवार, ९ फेब्रुवारी

मंडळीची सभा. सोनबांच्या सतरा चिठ्ठ्यांचं काय, यावर पाऊण तास. सभासद नसलेल्याला मत कसं? अमोलिक या वेळी एक अक्षर बोलले नाहीत.

मग वेणूबाई उठली. "माझी सूचना आहे, निशाबाईंना वडील करा."

मी ताडकन म्हटलं, "माझं काय बघितलंस तू?"

"तुम्ही आलात की घरी."

"अगं, मी चिठ्ठीची चौकशी करायला आले होते!"

"कशाला का होईना. आलात. दोन तास बसलात. बाकी कोण आलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. विचार करायला आठवडा मागितला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झोप नाही, भूक नाही. चार वर्षं मी राग धरून बसले – कुणी आलं नाही, कुणी आलं नाही. दर शनिवारी आजाऱ्यांची यादी माझ्याच हाताने लिहीत होते. चार वर्षांत दोनशेच्या वर नावं. त्यातल्या किती घरी मी गेले?

एकाही नाही. शून्य. लाज वाटते. नुसतं वाटते म्हणून भागत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

हो म्हटलं. एका अटीवर – आधी सोनबांचं नाव वहीत परत घ्यायचं.

अमोलिकांनीच लिहिलं. लाल रेघेच्या वर, स्वच्छ निळ्या शाईत – 'नाव पुन्हा दाखल. चूक आमची.' पाळकसाहेबांनी सही केली. "पाळक म्हणून माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात विचित्र सही," म्हणाले, पण हसले नाहीत.

मला वडील नेमताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याचा विधी २ मार्चला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज यादीत नसलेल्या घरी गेले. यादीतल्यांकडे तर जायचंच, पण मनात आलं, मैनाकडे जावं. एकटी राहते, शिवणकाम करते, उपासनेत दाराजवळ बसते आणि शेवटच्या आमेनला निघून जाते.

दार उघडून म्हणाली, "या ना. आज काय सगळे माझ्याकडेच! आत्ता एक काका गेले. तुम्हाला जिन्यात भेटले असतील."

जिना अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस मावतो. मला कुणी भेटलं नाही.

शिलाई मशीनवर दोन कप. बिनकानाचा उचलून पाहिला – गरम. "काय म्हणाले काका?" मैना म्हणाली, "काही नाही. म्हणाले, आता मागनं बाई येतील, त्यांना विचार, काय करायचं ते."

मला विचार! मला काय कळतंय! पण दोन दिवस आहेत, एवढं मला कळत होतं. तिला म्हटलं, चप्पल घाल. रिक्षाने थेट डॉक्टरांकडे. काय होतंय? काही होत नाही, ती म्हणे. मी म्हटलं, सगळं तपासा. डॉक्टरांनी मला वेडी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद! डॉक्टर म्हणाले, "शनिवार-रविवारी घरी एकटी असती तर कठीण होतं. तुम्हाला कसं कळलं?"

काय सांगणार? म्हटलं, आमच्या मंडळीतले एक जण आधी बघून गेले होते.

रविवार, २३ फेब्रुवारी

मैना बरी आहे. रात्रंदिवस कुणी ना कुणी तिच्याजवळ आहे – इंद्रजीतने ॲपवर पाळ्या लावल्यात. शेवटी ॲपचा उपयोग झाला!

आता मला वाटतं, मी चुकीचं समजत होते. सोनबा येतात ते शेवट सांगायला नाही. ते येतात, बसतात, आणि मागून येणाऱ्यासाठी दोन दिवस ठेवून जातात. साठ वर्षं मागून कुणी आलंच नाही, तर त्यांनी काय करावं? वडील निवडायचा म्हणजे तो मागून येणारा माणूस निवडायचा. कळायला मला एकसष्ट वर्षं लागली.

घरी येताना गाणं गुणगुणत होते. भाग्यश्रीने विचारलं, बाई, काय विशेष?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी चार. रविवारच्या विधीसाठी पांढरी साडी इस्त्री करत होते. बेल वाजली. भाग्यश्री असेल म्हणून न बघताच दार उघडलं.

"वाईच बसतो."

बसले. कान असलेला कप मला दिला. मी प्रभाकरांचं विचारलं. म्हणाले, "व्हतो की. आधीबी, आन् त्या सकाळीबी. हात धरून व्हतो." मी खूप रडले. ते घाई न करता बसून राहिले.

आता गेले. मला काही म्हणजे काही होत नाहीये. वेणूबाईला आणि अमोलिकांना फोन केला, दोघंही निघालेत.

आजाऱ्यांची यादी घेतली. सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं.